नसलेल्या घराची घरपट्टी

घर जळालं की माणसं आधी रडतात, मग देवाला नाही नाही ते बोलतात आणि शेवटी कागदांच्या मागे लागतात. अपेक्षाच्या वाट्याला रडणं फार थोडं आलं. कागद मात्र पोटभर आले.

म्हसवडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला तरसदरी नावाची वस्ती आहे. वस्ती म्हणजे मेंढपाळांची मोजकी घरं, प्रत्येकाच्या परड्यात कडब्याची गंजी आणि दारात कुणावरही भुंकणारं कुत्रं. दिवाळी झाली की बाप्ये मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मधले महिने वस्तीवर उरतात म्हातारीकोतारी माणसं आणि मोबाइलची रेंज शोधत फिरणाऱ्या सुना. अपेक्षा त्यांतलीच एक. तिचा नवरा पप्पू आणि सासरा कोंडीबा पलूसजवळ लालासाहेब नावाच्या निवृत्त सुभेदारांच्या रानात मेंढरं बसवून होते. इथे घरी ती आणि तिची सासू सुलाबाई, दोघीच. चैत्रात एकदा अपेक्षा म्हसवडला बाजाराला गेली आणि परत आली तर डोंगराचं निम्मं अंग काळं पडलेलं आणि तिच्या घरातून धूर निघत होता.

वणवा वर डोंगरावर लागला होता. वारं फिरलं, वाळल्या गवतातून आग खाली सरकली, परड्यातल्या गंजीला भिडली आणि गंजीवरून आढ्याला. भिंती दगडामातीच्या होत्या, पण वर सगळं लाकूड. ते एकदा कोसळल्यावर भिंतींनीही धीर सोडला. सुलाबाई तेवढी वाचली होती. ती लांब बांधावर बसली होती आणि कुणी काही विचारलं तरी तोंडातून शब्द काढत नव्हती.

इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही वस्तीवर होऊ शकतं. पुढचं मात्र तरसदरीवाल्यांनाच सुचावं. जळकं घर घरच्यांच्या डोळ्यांपुढं ठेवायचं नाही, ही तिथली जुनी रीत. जळालेलं आढं घरच्या बाईनं दुसऱ्यांदा बघितलं तर नवं आढं चढत नाही, असं मानतात. म्हणून कोंडीबाचा धाकटा भाऊ हरिबा दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भावकीतली होती नव्हती तेवढी माणसं घेऊन आला. कुणी ट्रॅक्टर आणला, कुणी पाट्या-फावडी. राख ओढ्यात गेली, काळी लाकडं पार पलीकडच्या घळीत, वाकडेतिकडे पत्रे भंगारवाल्याच्या टेम्पोत आणि भिंतींचे दगड बांधावर. वर मुरूम पसरला, पाणी मारलं, शेणाचा सडा घातला. दुपारपर्यंत जागा अशी लख्ख झाली की कुणी तिथे लग्नाचा मांडव घालावा. मग हरिबानं दोघी सासवासुनांना आपल्या पडवीत नेऊन बसवलं आणि म्हणाला, "घरवाले येस्तवर हितंच ऱ्हावा. हे तुमचंच घर हाय."

संध्याकाळी तलाठी मॅडम स्कूटीवरून पंचनाम्याला आल्या. क्रांती मॅडम नव्या होत्या, पलूसकडच्या, बागायती मुलखातल्या. त्यांनी हेल्मेट काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "जळालेलं घर कुठं आहे?"

"हे काय," हरिबा छाती फुगवून म्हणाला. "सकाळीच साफ केलं, मॅडम. काडी ठिवली न्हाई."

मॅडमनी मोबाइल वर धरला. फोटोत सडा घातलेलं एक देखणं अंगण आलं. त्यांनी तो फोटो दोनदा बघितला आणि मटकन बांधावर बसल्या. "अहो, तुम्ही हे काय करून बसलात? मी इथं काय लिहू? डोंगर जळालाय ते दिसतंय. पण इथं घर होतं आणि ते जळालं, हे मी कशावरून लिहायचं?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आपण काहीतरी चांगलं केलं अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. ती उतरायला थोडा वेळ लागला.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी वाट सांगितली. ज्यांनी जागा साफ केली त्यांनी लेखी जबाब द्यायचा की इथे जळालेलं घर होतं आणि आम्ही ते उचललं. शिवाय वणवा कुठून, कसा लागला याचा वनखात्याच्या गार्डचा अहवाल आणायचा. एवढं आलं की त्या पंचनामा करायला तयार होत्या. अपेक्षाला वाटलं, हे काय अवघड आहे? माणसं तर सगळी आपलीच.

दोन दिवसांनी पलूसहून पप्पूचा फोन आला. "लालासाहेब म्हणत्यात, घरच ऱ्हायलं न्हाई तर घरपट्टी कसली भरायची? पट्टी माफीचा अर्ज टाका. मिलिट्रीतला मानूस हाय, त्यांना कायदा पाठ हाय." लालासाहेबांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून त्याचा फोटोही पाठवला. अपेक्षा दहावी शिकलेली. तिनं तो उतरवून काढला, घर सुलाबाईच्या नावावर होतं म्हणून खाली तिची सही घेतली आणि खाली गावात ग्रामपंचायतीत नेऊन दिला. परत येताना आपण एक काम मार्गी लावलं म्हणून तिला जरा बरंही वाटलं. गार्डच्या अहवालाची वाट बघत तिचे पुढचे दिवस गेले.

मग ग्रामसेवकाचा निरोप आला.

ग्रामसेवकाचं नाव जोतीराम, पण गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. डोक्यावरचे केस गेलेले, आवाज दमलेला, टेबलावर गार झालेला चहा. त्यांनी अपेक्षाला खुर्ची दिली. "हा अर्ज कुणी लिहून दिला तुम्हाला?"

"का वं, भाऊसाहेब?"

"पट्टी माफ करायची म्हणजे घर नोंदीतून कमी करायचं. येत्या शुक्रवारी मासिक सभा आहे, विषय लागलाय. तुमची वस्ती सरकारी गायरानात आहे, ठाऊक आहे ना? साठ-सत्तर वर्षं घराची नोंद आहे, पट्टी भरताय, म्हणून ती जागा तुमची म्हणायची. नोंद गेली की तिथं काही नाही. मोकळं गायरान. उद्या त्यावर तुम्ही चार दगड रचले तरी ते अतिक्रमण."

पाऊस दोन महिन्यांवर आला होता. मेंढरं परतायची होती. घर पुन्हा बांधायचं हे अपेक्षानं गृहीत धरलं होतं. कुठे बांधायचं हा प्रश्न तिच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ती घाईघाईनं म्हणाली, "मग अर्ज माघारी घेते मी."

"घ्या की. पण सभेत सदस्य विचारणार, घर कुठंय? त्यांनी ती जागा बघितलीय. एक तर घर जळालं असा पंचनामा आणा, म्हणजे नोंद तशी राखता येते, भरपाईही मिळते. नाहीतर..." त्यांनी पुढचं बोलणं चहाबरोबर गिळलं. "शुक्रवारच्या आत बघा."

ती वस्तीवर परतली ती जवळजवळ पळतच. आणि इथून पुढे तिच्या जिवाला घोर लागला, तो असा की जेवताना घास तोंडात फिरायचा आणि झोपेतही ती 'गायरान, गायरान' असं काहीतरी पुटपुटायची.

अहवालाचं आणि त्यामुळे जबाबाचंही गाडं गार्डपाशी अडलं होतं. गार्ड त्याच भागातला, या लोकांना आतून-बाहेरून ओळखणारा. त्यानं अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला होता आणि तो अज्ञात इसम वस्तीतलाच आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. कारण डोंगर पेटवणं ही वस्तीची दुसरी रीत. उन्हाळ्यात वाळलं गवत जाळलं की पहिल्या पावसाला कोवळं, दाट गवत येतं आणि परतलेली मेंढरं महिन्याभरात अंग धरतात, हे आजा-पणजापासून चालत आलेलं. वनखातं दरसाल जीपवर भोंगा लावून 'पेटवू नका' म्हणून ओरडून जायचं आणि जीप खिंडीपलीकडे गेली की कुणीतरी काडी ओढायचं. गार्डनं वस्तीवर येऊन सांगितलं, "अहवाल देतो. पण आग कुठून लागली ते सांगा. आन् मला कागदावर सह्या नकोत. बिरोबाचा भंडारा हातात घ्यायचा आन् बोलायचं."

झालं. सगळ्या वस्तीची पाचावर धारण बसली. कागदावर वाटेल ते लिहून देतील, पण भंडारा उचलून ही माणसं खोटं बोलत नाहीत. खोटं बोलणाऱ्याच्या मेंढराला पुढच्या साली कोकरू जगत नाही, असा त्यांचा विश्वास. ट्रॅक्टर आणणारा म्हणाला, मी त्या दिवशी गावाला होतो. पाट्या वाहणारे म्हणाले, आम्ही उशिरा आलो, आम्ही काही बघितलं नाही. बोट शेवटी हरिबाकडे वळलं, कारण आग लागली तेव्हा डोंगराच्या अंगाला तो एकटाच शेरडं राखत होता.

हरिबानं एकच सांगितलं. "मी भंडारा उचलनार न्हाई."

"का वं, तात्या?" अपेक्षानं विचारलं.

"न्हाई म्हनलं ना, पोरी."

एवढं बोलून तो शेरडांमागे निघून गेला. अपेक्षा पडवीत उभी राहिली आणि एकेक गोष्ट तिच्या मनात जुळत गेली. आग लागली तेव्हा हा डोंगरावर होता. याच्या भुवया करपल्या होत्या आणि डाव्या मनगटाला फोड होता. उजाडता उजाडता हाच फावडं घेऊन आला आणि सगळं साफ करून मोकळा झाला. रीत म्हणे! आपलं पाप ओढ्याला सोडून आला आणि वर आम्हाला पडवीत बसवून चहा पाजला.

आता तुम्हीच सांगा, ज्याच्या घरात राहायचं, ज्याचं मीठ भाकरीला लावायचं, त्यानंच आपलं घर जाळलं असं एकदा मनात बसलं की त्या घरात श्वास तरी कसा घ्यावा? हरिबाची बायको मागेच वारलेली, मुलं मेंढरांमागे. चूल अपेक्षाच सांभाळत होती. ती भाकरी थापायची आणि प्रत्येक थापेला बोलायची. नाव घ्यायची नाही, पण हरिबाच्या कानावर जाईल अशा बेतानं. "ज्यानं काडी लावली त्येच्या हाताला किडं पडत्याल. ज्यानं माजं घर जाळलं त्येला मरताना पानी मिळायचं न्हाई." हरिबा खाली मान घालून भाकरी खायचा. सुलाबाई मात्र ताट पुढे सारायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. म्हातारीनं घराचा धसका घेतलाय, असं अपेक्षाला वाटायचं. मग तिला आणखी चेव यायचा. ती आणखी बोलायची.

एकदा हरिबा ताटावरून उठताना हळूच म्हणाला, "शिव्या देऊ नगं, अपेक्षा. मला बोल, पर शाप देऊ नगं."

"लागला व्हय शाप?" ती फणकारली. हरिबा हात धुऊन बाहेर गेला.

गुरुवार उजाडला. सभा उद्यावर आली. गार्डला अपेक्षानं सकाळी फोन केला तर तो म्हणाला, मी तरी काय करू, ताई, कुणीतरी खरं बोललं तर अहवाल देतो, आज दिवस कलेपर्यंत मी खिंडीतल्या चौकीवर आहे. पप्पूचा फोन आला. भरपाईचं काय झालं, लालासाहेब रोज विचारतात. तिनं "बघतीया" म्हणून फोन ठेवला आणि तिच्या डोळ्यांपुढे ती मुरूम टाकलेली जागा आली. उद्या सभेत कुणीतरी हात वर करणार, ग्रामसेवक एक रेघ ओढणार आणि संपलं. पप्पू, कोंडीबामामा, मेंढरं, सगळी पावसात येणार आणि म्हणणार, घर कुठाय? काय सांगायचं? तुमच्या चुलत्यानं जाळलं आणि मी अर्ज करून पुसून टाकलं?

दुपारी हरिबा शेरडं घेऊन पाणी पाजायला घरी आला. अपेक्षा देव्हाऱ्याकडे गेली, भंडाऱ्याची वाटी उचलली आणि अंगणात त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. सुलाबाई पडवीत खांबाला टेकून बसली होती.

"तात्या, आज सोक्षमोक्ष करा. हात घाला ह्यात आन् सांगा, तुमी पेटवला न्हाई."

हरिबा वाटीकडे बघत राहिला. त्यानं हात पुढे केला नाही.

"सांगा की. म्या पेटवला न्हाई, एवढंच. तेवढं तरी खरं असंल तर बोला. न्हाई बोलवत? मग म्या काय समजायचं? आमाला घरात ठिवलं, खायला घातलं, आन् आमचंच घर..."

"पोरी, पेटवला न्हाई म्हनलं की गार्ड इचारनार, मग कुनी?" हरिबा म्हणाला. "तितं काय बोलू मी?"

"जे खरं हाय ते!"

हरिबानं एकदा पडवीकडे बघितलं, मग लगेच नजर काढून घेतली. डोक्याचा पटका सोडला, पुन्हा गुंडाळला. "बरं," तो म्हणाला. "तुजं घर ऱ्हायाला पायजे ना? मग लाव गार्डला फोन. मी पेटवला. गवतासाठी पेटवला, वारं फिरलं, घर जळलं. सांगतो मी त्येला."

अपेक्षाला वाटलं होतं की हे ऐकलं की तिच्या छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. ती म्हणाली, "असं न्हाई. भंडारा उचलून बोला."

हरिबानं डोळे मिटले आणि वाटीकडे हात नेला. बोटं पिवळ्या भंडाऱ्याला लागणार, तोच पडवीतून सुलाबाई धडपडत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. इतके दिवस ती नीट जेवली नव्हती, तरी तिच्या मुठीत असा जोर होता की हरिबा जागचा हलला नाही.

"न्हाई भावजी! माज्यासाठी देवाफुडं खोटं बोलू नगासा. तुमची मेंढरं मरत्याल."

"वैनी, गप बसा तुमी. आत जावा."

"लय दिस गप बसले." सुलाबाईनं दुसऱ्या हातानं वाटीत मूठ घातली आणि भंडारा उचलून अपेक्षापुढे धरला. तो तिच्या बोटांतून सांडत होता. "म्या पेटवला, अपेक्षा. दरसाल तुजं मामा चैतात येऊन पेटवून जायचं, औंदा त्यांचं येनं झालं न्हाई, ऱ्हाऊन गेलं. म्या म्हनलं, मेंढरं उपाशी येत्याल, एवढा कोपरा पेटवू. वारं पडल्यालं हुतं गं. पानबी न्हवतं हालत. एकाएकी फिरलं. म्या फांदी घेऊन लय झोडपलं, ऐकंना. हे भावजी वरनं पळत आलं, मला वढून बांधावर टाकलं, आन् परत आगीत गेलं इझवायला. तेच म्हनलं, वैनी, तोंड उघडू नगा, म्या सगळं साफ करतो, गार्डला हितनं काय घावायचं न्हाई. रीतबी हाय आन् झाकबी पडंल."

अपेक्षा खाली बसली. तिच्या कानांत स्वतःचेच शब्द घुमायला लागले. हाताला किडं पडत्याल. पानी मिळायचं न्हाई. एवढे दिवस रोज, भाकरीगणिक, ती हे कुणाला ऐकवत होती? तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेबरोबर संतापही आला. म्हातारीनं एका कोपऱ्यासाठी अख्खं घर घालवलं होतं, वर तोंड शिवून बसली होती आणि हरिबासारख्या माणसाला चोर ठरू दिलं होतं. तिला सासूला गदागदा हलवावंसं वाटलं आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच न करता ती सासूच्या मुठीतला भंडारा बघत राहिली.

"आता सांग गार्डला," सुलाबाई म्हणाली. "न्हेऊ देत मला. तुमचं घर तर ऱ्हाईल."

दुपार टळत होती. खिंडीतली चौकी अर्ध्या तासाच्या वाटेवर. गार्डचा नंबर फोनमध्ये होता. एक फोन केला की अहवाल, पंचनामा, नोंद आणि भरपाई, सगळं जागेवर येणार होतं. आणि साठीच्या घरातली ही बाई कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार होती. जंगल जाळल्याचा गुन्हा. भंडारा उचलून बोलली म्हणजे ती कोर्टातही फिरणार नाही, हे अपेक्षाला पक्कं ठाऊक होतं. फोन नाही केला तर उद्या रेघ.

तिनं फोन पदराखाली घेतला, परत काढला, परत घेतला. हरिबा शेरडांना पाणी दाखवायचं विसरून तिच्याकडे बघत उभा होता. गार्ड चौकीवरून जायची वेळ झाली आणि टळून गेली. तिनं फोन केला नाही. पण पुढे काय करायचं हेही तिला कळत नव्हतं. रात्र तिनं कूस बदलत काढली.

शुक्रवारी सकाळी ती सुलाबाईला म्हणाली, "चला. तुमच्या नावावर घर हाय. तुमी लागताय." हरिबा बरोबर निघाला होता, त्याला तिनं थांबवलं. "तुमी नगा येऊ तात्या. तुमाला कायतर इचारत्याल, आन् तुमाला खोटं बोलता येत न्हाई. भाकरी झाकून ठिवलीया." एवढं म्हणून ती वाकली आणि त्याच्या पाया पडली. हरिबा गोंधळून मागे सरला. असल्या गोष्टी त्याला जमायच्या नाहीत.

ग्रामपंचायतीत सभेला अजून माणसं यायची होती. ग्रामसेवक खुर्च्या मांडून घेत होते. "आणला पंचनामा?" त्यांनी विचारलं.

"न्हाई." अपेक्षानं उभ्यानंच विचारलं, "भाऊसाहेब, खालच्या आळीतल्या नाथाजी काकांनी मागल्या साली जुनं घर पाडून स्लॅब टाकला. मधी चार महिनं तितं नुसती जागाच हुती. त्यांची नोंद गेली हुती का?"

"नाही. ते मालकानं स्वतः पाडलं, बांधायसाठी. बांधायला उतरवलेल्या घराची नोंद राहते. पट्टी तेवढी चालू ठेवायची."

"मग आमचंबी तसंच लिवा. घर उतरवलंय. बांधायचं हाय. पट्टी माफीचा अर्ज चुकून दिला, तो माघारी द्या."

ग्रामसेवकाच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. त्यांनी अपेक्षाकडे बघितलं, मग तिच्या मागे दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या सुलाबाईकडे. म्हातारी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. ग्रामसेवकानं त्या गावात बरीच वर्षं काढली होती. डोंगर कोण, कशासाठी पेटवतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"आणि ती आग?"

"आग डोंगराला लागली हुती. गंजी जळाली आमची." अपेक्षा म्हणाली. "घर आदीच उतरवलं हुतं. जागा बघितलीया की सगळ्यांनी. कशी साफ हाय. जळालेल्या घराची जागा अशी असती व्हय?"

"हे बघा बाई, नीट ऐका." त्यांचा दमलेला आवाज आणखी खाली आला. "मी हे लिहिलं की भरपाईचा एक रुपया मिळणार नाही. जळीतग्रस्त म्हणून घरकुलात नाव लागणार नाही. पुन्हा येऊन म्हणाल, भाऊसाहेब, खरं असं होतं, तसं होतं, तर मी ओळख देणार नाही. नवऱ्याला विचारलंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. पप्पू ओरडेल, लालासाहेब कपाळावर हात मारून घेतील, मामा कितीतरी दिवस बोलणार नाहीत. त्यांना खरं सांगायचं की नाही, हेही अजून ठरायचं होतं. नवं घर कशानं बांधायचं, याचा तर विचार करायचंही धाडस तिला होत नव्हतं. "त्यांना मी सांगंन. तुमी लिवा."

तिनं पदराची गाठ सोडली आणि नसलेल्या घराची वर्षाची पट्टी टेबलावर ठेवली. ग्रामसेवकानं पावती फाडली. जुन्या अर्जावर 'परत घेतला' असा शेरा मारला. मग एक कोरा कागद ओढला आणि वाचत वाचत लिहायला लागले, म्हणजे दोघींना कळावं. मौजे तरसदरी येथील घर जुने झाल्याने... नवीन बांधकामासाठी... उतरवून घेतले आहे. सबब नोंद कायम ठेवावी.

"कुणी उतरवलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "मजूर लावले का घरच्यांनी?"

मजूर लावले असं सांगायचं, हे दोघींनी वाटेत ठरवलं होतं. अपेक्षानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी सुलाबाई बोलली.

"म्या," ती म्हणाली. "म्या एकटीनं."

ग्रामसेवकाचं पेन थांबलं. बाहेर सदस्यांच्या मोटरसायकली येऊन थांबत होत्या, कुणीतरी हसत होतं. अपेक्षानं सासूकडे बघितलं. राग होता. तो एका रात्रीत जाण्यासारखा नव्हताच, कदाचित नव्या घराचं आढं चढेपर्यंत तो राहणार होता. पण ते चौकटीला धरून उभं असलेलं म्हातारं माणूस तिला बघवेना. ती मागे गेली, सासूचा हात चौकटीवरून सोडवून आपल्या हातात घेतला आणि तिला टेबलापाशी आणलं.

"एकटीनं न्हाई, भाऊसाहेब," ती म्हणाली. "आमी दोघींनी उतरवलं. दोघींची नावं लिवा."